शेषेरावांचा नवाब

"धर की नीट. मान सोडलीस तर येईल अंगावर," शेषेराव म्हणाले आणि ठिबकच्या काळ्या नळीचा वीतभर तुकडा त्यांनी काळविटाच्या शिंगाच्या टोकावर दाबून बसवला.

नवाब खांबाला आखूड बांधलेला होता. चतुराबाईनं त्याची दोन्ही शिंगं बुडाशी पकडली होती. तो हिसडे देत नव्हता, नुसता थरथरत होता, आणि ती थरथर शिंगांतून तिच्या कोपरापर्यंत चढत होती. पांढऱ्या वर्तुळातला त्याचा काळाभोर डोळा तिच्या खांद्यावरून पलीकडे, शेजारच्या भुजंगच्या रानाकडे लागला होता.

"हे बसवून काय हुणार?" तिनं विचारलं.

"टोक बोथट हुतंय. उद्या पाव्हण्यारावळ्याला लागाय नगं."

"म्हंजी तुमाला लागलं तसं."

शेषेरावांनी दुसरा तुकडा उचलला आणि ते तो दुसऱ्या शिंगावर बसवू लागले. त्यांच्या डाव्या मांडीला पट्टी होती. नांगराचा फाळ लागला, असं त्यांनी गावात सांगितलं होतं, दवाखान्यातही तेच सांगितलं होतं. ट्रॅक्टर आल्यापासून ज्या घरात नांगराला कुणी हात लावला नव्हता, तिथं फाळ कुठून लागला हे डॉक्टरनं विचारलं नाही. डॉक्टरच्याही मोबाइलमध्ये नवाबाबरोबरचा फोटो होता.

"त्याला दारात बांधायची काय गरज हाय?" चतुराबाई म्हणाली. "पाव्हणे आपल्या पुनमच्या साखरपुड्याला यायलेत का हरीण बगाय?"

"धर्माबादचे पाव्हणे हायत ते. सोयरीक ठरली तवा पोराच्या बापानं पयला सवाल काय केला ठावं हाय? तुमचं ते हरीण खरं हाय का, असं इचारलं."

"मग सांगायचं, खरं हाय. झालं की."

"तुला न्हाई कळायचं."

हे वाक्य तिनं लग्न झाल्यापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की आता त्याचा राग यायचाही कंटाळा आला होता. तिनं शिंगं सोडली. नवाब दोराच्या टोकापर्यंत मागं सरकला, डोकं खांबावर घासू लागला. नळीचा तुकडा काही निघाला नाही.

अहमदपूरहून गावाकडं येणाऱ्या रस्त्यालगत शेषेरावांचा आखाडा होता. शेतातलंच घर, पुढं खळं, मागं गोठा. गोठ्याला लागून लोखंडी खांब आणि जाळीचं कुंपण, त्यात नवाब. पंचायत समितीवर निवडून आले होते त्या काळात एका दुपारी सोयाबीनमध्ये कुत्री भुंकत होती म्हणून शेषेराव धावत गेले आणि धोतरात गुंडाळून पाडस घेऊन आले. त्याची आई त्याला टाकून गेली, असं ते म्हणाले. चतुराबाईनं बाटलीनं दूध पाजलं. पाडस जगलं, वाढलं, वयात येऊन पाठीवर काळं पडलं. सोडून द्यायचा विषय निघाला की शेषेराव म्हणत, "लेकराला कुणी सोडतंय का?"

आणि लोक येत. पोलीस पाटील आले, पतसंस्थेचे चेअरमन आले, कुठल्या कुठल्या गावच्या सहली आल्या. कुणी कुरकुरे द्यायचं, कुणी जिलेबी. मग रात्रभर त्याला ढाळ व्हायची आणि सकाळी कुंपण झाडायला चतुराबाई. "काकू, किती प्रेम लावलंय तुमी त्याला," असं बायका म्हणायच्या. तेव्हा हातातला खराटा कुठं मारावा हे तिला कळायचं नाही.

प्रेम कसलं! जाळीच्या कडेकडेनं तो दिवसभर एकाच वाटेनं फिरायचा. तिथली माती सारवल्यासारखी गुळगुळीत झाली होती. दिवस कलला की भुजंगच्या रानात कळप उतरायचा. माद्या, पाडसं, एखाददुसरा नर. त्यांना हाकलायला भुजंग फटाके लावायचा, कारण ते हरभरा साफ करून टाकायचे. फटाक्यानं आपला नवाब बिचकतो म्हणून शेषेरावांनी भुजंगशी दोन रानांमधल्या धुऱ्यावर उभं राहून भांडण केलं होतं, आणि तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद होती. नवाब मात्र फटाक्याला तितका बिचकत नसे. कळप दिसला की तो जाळीला धडका द्यायचा. घशातून घोगरा आवाज काढायचा आणि धडकत राहायचा, कळप जाईपर्यंत.

"खेळायलंय," शेषेराव सांगायचे.

एकदा वैतागून चतुराबाईनं भर दुपारी कुंपणाचं दार उघडं टाकलं होतं. नवाब बाहेर आला, ओसरीत शिरला, पिठाचा डबा उलथा केला. तिनं हात केला, जा म्हणाली, खडा मारला. तो खळ्यापर्यंत गेलाही. तेवढ्यात वस्तीवरची कुत्री मागं लागली आणि तो जीव घेऊन पळत पुन्हा कुंपणात शिरला. ही हकीकत शेषेरावांनी पुढं कितीतरी महिने सांगितली. "दार उघडं हुतं तरी गेला न्हाई. घर कळतंय त्याला!" समोरचा माणूस मान डोलवायचा. मागं कुत्री लागल्यावर दुसरं कुठं जाणार होता तो, असं चतुराबाईच्या ओठावर यायचं. पण पाहुण्यांसमोर नवऱ्याचं तोंड कसं पाडायचं? ती चहाचे कप उचलून आत जायची.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळपासून आखाड्यावर गर्दी झाली. मांडवाच्या तोंडाशी कापडी फुलांची लोखंडी कमान, आणि कमानीच्या पायाला नव्या नायलॉनच्या दोरानं बांधलेला नवाब. गळ्यात झेंडूचा हार. कपाळावर कुणीतरी गुलाल लावला होता. शिंगांवरच्या काळ्या नळ्यांना शेषेरावांनी सोनेरी कागद गुंडाळला होता.

पुनम लातूरला एका दवाखान्यात नर्स होती, सुट्टी काढून आली होती. हिरवा शालू नेसून ती खोलीच्या खिडकीत उभी राहिली आणि तिनं आईला जवळ बोलावलं.

"माय, त्याला आत न्यायला सांग ना आण्णाला. कसा श्वास घ्यायलाय बघ."

"सांगितलं."

"मग?"

"मग काय? ऐकलं का कवा?"

"मी बोलते."

"तू आज नवरी हायस. गप बस."

तिचं तिलाच हे बोलणं आवडलं नाही. पण पाहुण्यांच्या दोन गाड्या रस्त्यावरून आत वळल्या होत्या आणि ओवाळायचं ताट तिच्या हातात होतं.

मुलाचे वडील खाली उतरले ते थेट नवाबाकडंच गेले. त्यांच्यामागं मामा, मामाच्या मागं पोरं. शेषेराव छाती काढून उभे होते. "हात लावा, काय करत न्हाई," ते म्हणत होते. मोबाइल वर झाले. आणि कुणालाही न विचारता डीजेवाल्यानं गाणं लावलं.

पहिल्या ठोक्याला जमीन हादरली. नवाब उभ्या जागेवरून माणसाच्या डोक्याइतका वर उडाला. दोरानं त्याला हवेतच मागं खेचलं. तो पाठीवर पडला, उठला, पुन्हा उडाला, आणि या वेळी कमानीच्या लोखंडी खांबावर आपटला. काहीतरी तुटल्याचा आवाज डीजेच्या आवाजातही चतुराबाईला ऐकू आला. सोनेरी कागद गुंडाळलेलं एक शिंग बुडापासून मोडून पाहुण्यांच्या पायाशी पडलं. नवाबाच्या कपाळावरून गुलालापेक्षा गडद लाल ओघळ डोळ्यात उतरला.

पोरं ओरडली. दोघातिघांनी मोबाइल खाली घेतले नाहीत.

"काय न्हाई, काय न्हाई," शेषेराव हात उंचावून म्हणाले. "झालं, झालं. चला मंडळी, पंगत बसवून घ्या. भात गार हुईल."

ताट कुणाच्या तरी हातात देऊन चतुराबाई गेली. तिनं डीजेच्या टेबलामागची वायर ओढली. आवाज थांबला तशी सगळी माणसं तिच्याकडं बघू लागली. ती कुणाशी बोलली नाही. स्वयंपाकाच्या पातेल्याशेजारून मूठभर हळद घेतली आणि नवाबापाशी बसली. शालूचा पदर खोचून पुनमही आली. तिनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं मांडीवर धरलं आणि चतुराबाईनं शिंगाच्या बुंध्यावर हळद दाबली. नवाबानं अजिबात विरोध केला नाही. त्याची जीभ बाहेर आली होती. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

मागं पंगत बसली. वाढपी "भात, भात" करत फिरू लागले.

साखरपुडा झाला, अंगठ्या घातल्या गेल्या, पाहुणे समाधानानं परत गेले. मोडलेलं शिंग मुलाच्या मामानं आठवण म्हणून मागितलं आणि शेषेरावांनी ते दिलं, हे चतुराबाईला संध्याकाळी भांडी मोजताना कळलं. हातातली परात तिनं खाली ठेवली.

"पुनम, त्या जंगलखात्याचा नंबर लाव."

पुनम आईकडं बघत राहिली. "माय, आण्णावर केस हुईल. लई कडक कायदा हाय. आन् धर्माबादची माणसं काय म्हणतील?"

"मला काय कळत न्हाई का? तू लाव."

"सकाळी लावू का? शांत हो जरा."

"इतकी वर्सं शांतच हाय म्या. लाव."

दुसऱ्या दिवशी हिरवी गाडी खळ्यात येऊन थांबली. वनपाल बाई पुढं होत्या, महामाया त्यांचं नाव, तिशीच्या आतबाहेरच्या. बरोबर जनावरांचे एक डॉक्टर आणि दोन वनरक्षक. महामायानं सगळ्यांना आधी हलक्या आवाजात बोलायला सांगितलं. मग ती कुंपणाशी गेली आणि त्या गुळगुळीत वाटेकडं बघत राहिली.

शेषेराव लंगडत आले. त्यांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, तालुक्याच्या दोन-तीन मोठ्या माणसांची नावं घेतली.

"तसं काय न्हाई म्याडम. परवाच कुत्र्याच्या तोंडातनं सोडवलं. शिंग मोडलं हुतं बिचाऱ्याचं. इलाज करून राहिलो. बरं झालं की तुमालाच फोन करणार हुतो."

"परवा?" महामाया म्हणाली.

"परवाच."

महामायानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावून त्यांच्यापुढं धरला. सोनेरी शिंगं, झेंडूचा हार. कालच कुणीतरी टाकला होता, आणि तो जिल्हाभर फिरत होता. शेषेरावांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग ते एकदम उठले आणि धुऱ्याच्या दिशेनं ओरडले.

"भुजंग्या! तूच केलास ना फोन? मर्द असशील तर समोर ये!"

पलीकडं हरभऱ्यात वाकलेला भुजंग उभा राहिला. त्याला काहीच कळेना.

"आवं, गप बसा," चतुराबाई दारातून म्हणाली. "भुजंगभाऊनं न्हाई केला. म्या केला."

शेषेराव वळले. राग, अपमान, काय काय त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. शेवटी उरलं ते नुसतं न कळणं. बाजारात हरवलेल्या माणसासारखे ते उभे राहिले.

"आन् परवा न्हाई," ती महामायाला म्हणाली. "पाडस हुतं तवापस्नं हाय. दूध म्या पाजलं. लिवून घ्या तुमी."

चहा आला. कुणीच घेतला नाही.

"प्रत्येक गावात हेच ऐकते मी, मावशी," महामाया म्हणाली. तिच्या आवाजात थकवा होता. "पाडस गवतात एकटं दिसतं. त्याची आई जवळच कुठंतरी उभी असते, माणूस जायची वाट बघत. माणूस जात नाही. पाडसाला उचलतो. वाचवलं म्हणून सांगतो, आणि खरंच तसं वाटतंही त्याला."

चतुराबाईनं विचारलं, "आता सोडणार ना त्याला? तिकडं, कळपात?"

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही सोडता येणार. माणसाची भीतीच राहिली नाही त्याला. उद्या कुणाच्या अंगावर जाईल, नाहीतर पहिल्याच दिवशी कुत्री फाडतील."

"मग?"

"वन्यप्राण्यांच्या केंद्रात नेऊ. लांब आहे. उपचार होतील, मग तिथंच राहील."

"कुंपणात?"

"मोठं आहे. गवत आहे, दुसरी हरणं आहेत," महामाया म्हणाली. मग तिनं सांगितलं, "पण हो. कुंपणच."

"म्हंजी हितनं उचलायचं आन् तिथं कोंडायचं? मग म्या फोन कशापायी केला?" चतुराबाईचा आवाज चढला. "नवऱ्याला कोर्टात उभं केलं ते एवढ्यासाठी?"

वनरक्षकांनी नवाबाच्या डोळ्यांवर काळं फडकं बांधलं आणि त्याला लाकडी पेटीत घातलं. तेव्हा तो एकदाच घोगरा ओरडला. शेषेराव गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून उभे होते.

केस झाली. वकील करावा लागला, उमाशंकर नावाचा. जामीन मिळाला, तारखा पडू लागल्या. धर्माबादच्या पाहुण्यांनी सोयरीक मोडली नाही, पण लग्नात शेषेरावांशी जरा अंतर राखूनच वागले. पुनम नांदायला गेली आणि आखाड्यावर दोघंच उरले.

शेषेरावांनी बायकोशी बोलणं सोडलं. भूक लागली की ते भिंतीला सांगायचे, "जेवायचं बघा म्हणावं कुणीतरी." बाहेर निघाले की गाईला सांगायचे, "जाऊन येतो गं." पहिले काही दिवस चतुराबाईनं ऐकून घेतलं. मग तिचाही पारा चढला. ती चुलीला म्हणायची, "ताट वाढलंय म्हणावं. गिळा." अशा तऱ्हेनं भिंत, गाय आणि चूल यांच्या मध्यस्थीनं त्यांचा पावसाळा गेला.

कुंपण तसंच होतं. एकदा तिनं जाळी काढून भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं, तर शेषेराव खांबाला टेकून बसलेले दिसले. ती परत फिरली. आपण केलं ते बरोबर की चूक हे तिला रात्री झोपताना वेगळं वाटायचं आणि सकाळी गोठा झाडताना वेगळं. एका जाळीतून दुसऱ्या जाळीत. डोक्यात तेच फिरत राहायचं आणि ती खराटा जोरात ओढायची.

दिवाळीनंतर एका सकाळी शेषेराव धुतलेले कपडे घालून निघाले. "तारीख हाय," त्यांनी गाईला सांगितलं. दुपारी उमाशंकर वकिलाचा फोन आला. पुढच्या महिन्यातल्या तारखेला कागद घेऊन या म्हणून साहेबांना सांगा, असं तो म्हणाला. चतुराबाईनं बरं म्हटलं. म्हणजे आज तारीख नव्हतीच. त्या रात्री शेषेराव घरी आले नाहीत. फोनही उचलला नाही. तिनं रात्र दाराला कडी न लावता बसून काढली.

ते आले दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. पायांवर एसटीची धूळ, डोळे तांबारलेले. बाजेवर बसले. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो घेतला आणि कितीतरी महिन्यांनी थेट तिच्याकडं बघितलं.

"वळखलं न्हाई त्यानं," ते म्हणाले.

कुणी, हे तिनं विचारलं नाही. ती जोत्यावर टेकली.

"जाळीच्या भाईर उभा ऱ्हायलो. कळप लांब चरत हुता. हाक मारली. तिथला माणूस म्हणायला, वरडू नका. तरी मारली. समद्यांनी माना वर केल्या. त्यानंबी केली. एक शिंग नसल्यानं कळला, न्हाईतर कळलाबी नसता. नीट बघितलं माझ्याकडं. आन् पळाला."

"तुमच्याकडं?"

"न्हाई. त्यांच्या संगं."

बाहेर गाईनं कान झाडले. चतुराबाई पुढं झुकली.

"किती लांब पळाला?" तिनं विचारलं.

"किती लांब म्हंजी?" शेषेराव भडकले. "लेकरावानी वाढवलेलं जनावर वळख दावत न्हाई म्हणून सांगून राहिलोय, आन् तू इचारतीस किती लांब!"

तांब्या आदळून ते उठले, भाकरी मोडली, अर्धी टाकली आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

सकाळी चहाचं आधण ठेवताना तिला धुऱ्यावरून आवाज ऐकू आला. ती दाराशी आली. शेषेराव धुऱ्याच्या या बाजूला उभे होते, पलीकडं कुदळीवर हनुवटी टेकवून भुजंग. त्यांची बोलचाल कधी सुरू झाली कुणास ठाऊक. कदाचित आत्ताच.

"अरे काय पळतंय म्हणून सांगू!" शेषेराव म्हणत होते. त्यांचा हात भुजंगच्या रानावरून पार ओढ्यापलीकडच्या बोरीकडं लांबला होता. "हितनं निघाला तर त्या बोरीपस्तोर मधी थांबला न्हाई. पाय भुईला लागायले का न्हाई तेच दिसंना. माद्या मागं पडल्या. आपला नवाब समद्यांच्या म्होरं!"

"तुला बघून पळाला म्हणायलास ना?" भुजंगनं विचारलं.

"हाव, मलाच बघून!" शेषेराव ठासून म्हणाले.

चतुराबाईनं तोंडातल्या तोंडात च्यक केलं. आपला नवाब म्हणे. ती आत वळली आणि आधणात आणखी एका माणसाचं पाणी ओतलं.